शनिवारची झोप

थोरली चिडली की सगळ्यात आधी ते चादरीला कळायचं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर धुलाईघर होतं आणि तिथल्या इस्त्रीच्या रोलरवर ती एकोणीस वर्षं उभी होती. रोलर म्हणजे वाफेवर तापणारं, पलंगाहून रुंद असं लोखंडी नळकांडं. त्यात ओली चादर दोघींनी मिळून घालायची, खालून कोरडी होऊन आली की दोन-दोन कोपरे धरून ताणायची, एकमेकींकडे चालत जायचं, कोपरे जुळवायचे, मागे सरायचं, पुन्हा जुळवायचे. थोरलीचं डोकं फिरलेलं असलं की ताणताना ती असा हिसका द्यायची की समोरची बाई दोन पावलं पुढे यायची.

अकरा वर्षं समोरची बाई धाकटी होती. नात्यागोत्याचं काही नव्हतं, पण दिवसभर समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना टोमणे मारतात म्हणून धुलाईघराने त्यांना जावा ठरवून टाकलं होतं. एक थोरली जाऊ, एक धाकटी जाऊ. पुढे त्यातली जाऊ गळून पडली आणि थोरली-धाकटी तेवढं राहिलं. हिसका बसला की धाकटी म्हणायची, "ताई, चादर फाडायची तर फाड, मला कशाला ओढतेस?" आणि थोरलीचा राग तिथेच निम्मा व्हायचा.

गेले आठ दिवस समोर बदलीवरची बाई होती. ती हिसके मुकाट्याने खायची, त्यामुळे राग काही उतरत नव्हता.

मागच्या मंगळवारी भर कामात, चादर अर्धी आत गेलेली असताना, धाकटीने हातातले कोपरे सोडून दिले, वळली आणि दारातून बाहेर चालती झाली. ना शब्द, ना खूण. चादर तिरकी होऊन रोलरला गुंडाळली, जळका वास सुटला आणि थोरली लाल बटण दाबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. रोलर चार तास बंद राहिला. वर शस्त्रक्रियांना लागणारं हिरवं कापड वेळेवर गेलं नाही आणि दोन शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर ढकलाव्या लागल्या. धुलाईघर चालवायला घेतलेल्या कंपनीने धाकटीला घरी बसवलं आणि चौकशीची तारीख दिली, येत्या बुधवारी दुपारी दोन वाजता. निष्काळजीपणा शाबीत झाला की नोकरी जाणार होती.

रविवारी थोरली तिच्या घरी गेली ती भांडायलाच. धाकटी भावाकडे राहायची. दार वहिनीने उघडलं आणि काही न बोलता आतल्या खोलीकडे बोट केलं. धाकटी खाटेच्या कडेवर बसली होती, बाहेर जायला निघाल्यासारखी, पायांत चपला घालून. वहिनी म्हणाली की सकाळपासून अशीच बसली आहे. थोरलीने वाटेत जुळवून ठेवलेल्या शिव्या गिळल्या.

"काय झालंय तुला?"

"काही झालं नाही, ताई. तेच तर सांगता येत नाही. झोप लागत नाही. दीड महिना झाला. परवा आपल्याच रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावरच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी औषध दिलंय. म्हणाल्या, आजार आहे, बरा होतो, पण सहा आठवडे काम बंद."

"मग झालं तर! चिठ्ठी दाखव त्यांना."

"दाखवली. कंपनीवाले म्हणाले, चिठ्ठी मागाहूनची आहे. आणि नोकरी गेली तर तिसरा मजलाही गेला ना. कामावर आहोत म्हणून फुकट बघतात आपल्याला. बाहेर मला कोण बघणार?"

थोरलीला काय बोलावं सुचेना. असं झालं की ती ओरडायची. "दीड महिना? आणि माझ्यासमोर उभी राहून एका शब्दाने बोलली नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. थोरली दार आपटून निघाली. घरापर्यंत ती सगळ्या जगावर चिडलेली होती, आणि त्यातल्या त्यात धाकटीवर जास्त.

आता या रागाला आणखी एक मूळ होतं, आणि ते धुलाईघराच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

पूर्वी अकरा वाजून दहा मिनिटांनी रोलर थांबायचा. त्याला मेण चोळावं लागे, नाहीतर चादरी चिकटतात. मेण चोळायला पंधरा मिनिटं लागत. तेवढा वेळ बायका मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसत. चहा असे, ऊन असे, एखादीच्या सासूचा उद्धार असे. कुणाचं पोर नापास झालं, कुणाच्या नवऱ्याने काय दिवे लावले, कुणाच्या छातीत गाठ लागली आणि दाखवायला जायची भीती वाटते, हे सगळं त्या पायरीवर निघालं होतं. एकदा एकीला तिथूनच धरून वर तपासायला नेली होती, चौघींनी मिळून, तिच्या बोंबा न ऐकता. त्याला कुणी काही नाव दिलं नव्हतं. मेणाची सुट्टी म्हणत.

कंपनी आली आणि मेण सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी चोळून होऊ लागलं. रोलर थांबायचं कारण उरलं नाही, म्हणून पायरीही उरली नाही. त्याबदल्यात कंपनीने एक कल्याण अधिकारी नेमल्या. तरुण होत्या, भेटेल त्याला "खुशाल ना?" विचारत आणि उत्तर यायच्या आत पुढे जात, म्हणून त्यांचं नाव खुशालीबाई पडलं. आठवड्यातून एकदा त्या सगळ्यांना सात मिनिटं डोळे मिटायला लावत आणि फोनवर समुद्राच्या लाटांचा आवाज ऐकवत. मागे धुलाईयंत्रं गडगडत असत, त्यामुळे समुद्रात काहीतरी बुडतंय असं वाटे.

आणि मग आलं पत्रक. वर मोठ्या अक्षरांत, 'माझं मन, माझी जबाबदारी'. डावीकडे सगळ्यांची नावं, प्रत्येक वाराखाली सहा चौकोन. पुरेशी झोप. आठ ग्लास पाणी. वीस मिनिटं चालणं. दीर्घ श्वास. मनमोकळं हसणं. कुणाशी तरी मनातलं बोलणं. रोज बरोबरच्या खुणा करायच्या, आठवड्याअखेरी खाली सही.

ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चालणं म्हणे! चादरीमागे पुढे-मागे करताना टाचा झिजल्या, आणि हे वीस मिनिटांचं विचारतात. पाणी प्यावं तर संडासला जायला मुकादमाची परवानगी लागते. दीर्घ श्वास घ्यावा तर ब्लिचिंगने नाक सोलून निघतं. पंधरा मिनिटं काढून घेतली आणि सहा चौकोन हातात दिले. वर आणखी जबाबदारी आमची! ती हे सगळं मोठमोठ्याने बोलली, सगळ्या हसल्या, आणि कुणीतरी तिच्या हातात पेन दिलं.

तिने मग धुलाईघराच्या रीतीप्रमाणे केलं. चादर एकटीने घडी होत नाही, म्हणून गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर जोडीतली मोठी बाई दोघींच्या वतीने खूण करते. वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं. पत्रकही तिने तसंच उरकलं. सोमवारी सकाळी पदर खोचायच्या आधी पेन घ्यायचं, आपली ओळ आणि धाकटीची ओळ सरसर शनिवारपर्यंत भरून टाकायची, आणि कामाला लागायचं. सही तेवढी धाकटी शनिवारी घाईघाईत ठोकायची. दुसऱ्या जोड्यांचंही तेच चालायचं. खुशालीबाई शनिवारी पत्रक उतरवून न्यायच्या आणि पुढच्या आठवड्यात सांगायच्या की धुलाईघराचं मन सगळ्या विभागांत पहिलं आलंय.

बुधवारी दोनला पाच कमी असताना थोरली वर गेली. तिला साक्षीला बोलावलं होतं. रोलर चांगल्या स्थितीत होता का आणि धाकटीची वागणूक कशी होती, एवढंच विचारतील, असं खुशालीबाईंनी सांगितलं होतं. थोरलीने ठरवलं होतं की चार शब्द चांगले बोलायचे, गरज पडली तर हात जोडायचे. हात जोडायची तिला सवय नव्हती, पण वाटेत जिन्यात एकदा जोडून पाहिले.

खोलीत पंखा होता, गालिचा होता आणि पाण्याचा भरलेला जग होता. टेबलामागे कंपनीचे साहेब, बाजूला खुशालीबाई, समोर खुर्चीच्या टोकाशी धाकटी. आठ दिवसांत तिचे गाल आत गेले होते.

साहेब आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी पत्रकं एकेक करून टेबलावर मांडली, सहा आठवड्यांची सहा. "यांचं म्हणणं, दीड महिन्यापासून झोप नाही, मन थाऱ्यावर नाही," ते म्हणाले. "आम्हाला सहानुभूती आहे. पण हे बघा. या पत्रकात रोज पुरेशी झोप. रोज मनमोकळं हसणं. रोज कुणाशी तरी मनातलं बोलणं. एक दिवस चुकला नाही. पहिल्या चारांखाली सही यांची. आजारी माणूस असं लिहील का? मला वाटतं, आजाराचं कारण मंगळवारनंतर सुचलंय."

थोरली धाकटीकडे पाहत राहिली. बोल की, तिच्या मनात आलं, बोल की मी नाही भरलं. बोल की ताईने भरलं. धाकटीने पत्रकाकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं आणि नजर पुन्हा मांडीवरच्या हातांवर नेली. ओठ घट्ट मिटलेले. ती नाव घेणार नव्हती, हे थोरलीला कळलं. मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि या खेपेला ती आग कुणाच्या दिशेने जायची हे तिचं तिलाच कळेना.

"त्या खुणा माझ्या आहेत," ती म्हणाली.

"मावशी, म्हणजे काय?" खुशालीबाईंनी विचारलं.

"म्हणजे मी केल्या. हिने एकही नाही केली. आमच्यात जोडीची खूण मोठी बाई करते. चिठ्ठीवर करते तशी इथे केली. न विचारता."

साहेबांनी चष्मा काढला. "जपून बोला. खोटी नोंद केली असं तुम्ही स्वतः सांगताय. याला काय शिक्षा आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. निवृत्तीला बावीस महिने राहिले होते, तेही माहीत होतं.

"आणि मैत्रिणीसाठी आज तुम्ही काहीही म्हणाल," साहेब म्हणाले. "याला पुरावा काय?"

थोरलीने टेबलावर हात टाकून पत्रकं ओढली. तिला ढीगभर बोलायचं होतं, पण शेवटचं पत्रक हातात आलं आणि ती त्यावर वाकली. ते याच आठवड्याचं होतं, सकाळी भिंतीवरून काढून आणलेलं. तिची ओळ शनिवारपर्यंत भरलेली. त्याखालची धाकटीची ओळही शनिवारपर्यंत भरलेली. रविवारी तिने धाकटीला चपला घालून खाटेवर बसलेलं पाहिलं होतं, तिचे डोळे पाहिले होते. आणि सोमवारी सकाळी पेन हातात आल्यावर हाताने आपलं काम केलं होतं.

"आज वार कोणता, साहेब?" तिने विचारलं.

"बुधवार. का?"

"ही माझी ओळ. बघा. उद्या मी पुरेशी झोपले. परवा मनमोकळी हसले. शनिवारी आठ ग्लास पाणी प्याले, मनातलं बोलले. शनिवार अजून उजाडायचाय!" तिचा आवाज चढत गेला. "आणि ही हिची. हिला आठ दिवस धुलाईघराच्या आत घेऊ नका म्हणून तुम्हीच सांगितलंय. तरी ही सोमवारी इथे येऊन हसली. काल हसली. उद्याही हसणार आहे. दीर्घ श्वास घेणार आहे. घ्या, हा पुरावा!"

पत्रक टेबलावरून घसरून गालिच्यावर पडलं. खुशालीबाईंनी वाकून उचललं, बोटाने वार चाचपले आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी एकूण बेरीज बघते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वरून खाली."

"बघा ना, बेरीजच बघा!" थोरलीचा बांध फुटला होता. "आमची पंधरा मिनिटं होती, बाई. मेणाची सुट्टी. पायरीवर बसलं की समोरचीचा चेहरा दिसायचा. उन्हात. ती तुम्ही घेतलीत आणि आम्हाला कागद दिलात, की लिहा, बोललात का कुणाशी? कधी बोलणार? रोलरच्या आवाजात? त्यापेक्षा विचारूच नका. आमच्या मनाची जबाबदारी आमची असू दे, पण आमचा चहा तरी आमचा राहू द्यायचा होता!"

साहेबांनी तिला बोलून संपवू दिलं. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता.

"ठीक आहे. कागद खोटा, मानलं. मग खरं काय ते तुम्ही सांगा. तुम्ही रोज आठ तास यांच्या समोर उभ्या असता. यांना झोप नाही, हे तुम्हाला दिसत होतं की नाही?"

थोरलीने धाकटीच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"हात मागे पडत होते हिचे," ती म्हणाली. "कोपरे जुळवताना. महिनाभर तरी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी हिसका द्यायचे."

दोघींना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने खुशालीबाई कागद घेऊन आल्या आणि उभ्यानेच वाचून दाखवला. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी ग्राह्य धरली होती, धाकटीला सहा आठवड्यांची रजा होती, उपचार चालू राहणार होते. दुसरा कागद थोरलीचा. खोट्या नोंदीबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. खुशालीबाईंना आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण थोरलीने कागदाची चौघडी करून कमरेला खोचली आणि धाकटीच्या दंडाला धरून जिना उतरायला लागली.

खाली येऊन ती रोलरकडे वळली नाही. सरळ मागच्या दाराकडे गेली. पायरीवर कंपनीने कपड्यांच्या जाळीच्या ट्रॉल्या लावून ठेवल्या होत्या, एकीला एक भिडवून. थोरलीने पहिलीला लाथ घातली. ती हलली नाही, म्हणून दोन्ही हातांनी ढकलली, मग दुसरी, मग तिसरी. चाकं करकरली, एक ट्रॉली भिंतीवर जाऊन आदळली, आत कुणीतरी "काय चाललंय?" म्हणून ओरडलं. दोघी मावतील एवढी जागा झाली तेव्हा ती बसली आणि धाकटीला खाली ओढलं. ऊन अजून होतं.

तिला दम लागला होता. "मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. "वर माझं नाव का नाही घेतलंस? आणि त्याच्या आधी बोलली का नाहीस? अकरा वर्षं, अगं! एकदा म्हणायचं, ताई, झोप लागत नाही."

"म्हणाले होते."

"कधी?"

"पत्रक आलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. रोलरवर. म्हटलं, ताई, झोपच लागत नाही गं. तू म्हणालीस, माझ्या वाट्याची घे, मी तर उभ्या-उभ्या झोपते. सगळ्या हसल्या." धाकटीने चपलेतला अंगठा खाली-वर केला. "मीही हसले. तेवढी एक खूण खरी होती तुझी."

थोरलीला ते आठवलं. वाक्यही आठवलं आणि ते जमल्याची खुशीही आठवली. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडे रागाने पाहत राहिली. त्या भिंतीने काही केलं नव्हतं.

मग ती वळली. धाकटीच्या चेहऱ्यावर ऊन होतं आणि डोळ्यांखाली दोन काळे खड्डे पडले होते. ते कुणालाही दिसले असते.

"काल झोपलीस?" तिने विचारलं.

"पहाटे थोडी. गोळीने."

"परवा?"

"नाही."

"रविवारी? मी ओरडून गेले त्या दिवशी?"

"तासभर."

"शनिवारी?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. "सगळे विचारणार आहेस का?"

"सगळे," थोरली म्हणाली. "शनिवारी?"

"नाही झोपले, ताई."

आतून मुकादमाची हाक आली. रोलरवर बदलीवरची बाई एकटीच चादर धरून उभी होती, गठ्ठे तुंबले होते, थोरली गेली कुठे?

"येत नाही!" थोरली मान न वळवता ओरडली. "आणि शुक्रवारी?"